यात्रेच्या जेवणाला डब्यातलं नारळाचं दूध चालेल काय? सासूबाई तयार नाहीत

अनगोळची_सून

नमस्कार. आमच्या गावात यंदा वैशाखात लक्ष्मीची यात्रा आहे, कितीतरी वर्षांनी. गाव बेळगुंदीच्या बाजूला, नाव लिहीत नाही, कारण निम्मं गाव हे वाचतंय. यात्रा म्हणजे काय असतं ते बेळगावकरांना सांगायला नको. ज्यांचं तोंड दहा वर्षं बघितलं नाही ते पाहुणेही येतात आणि सगळ्यांना जेवूनच पाठवायचं असतं. तिखटाच्या दिवशी आमच्या एका घरात दीडशे पानं धरली आहेत. मटण २५ किलो. भाकरी तांदळाच्या, त्या गल्लीतल्या बायका वाटून घेणार. रस्सा, भात आणि सोलकढी मात्र आमच्या चुलीवर.

मी पतसंस्थेत नोकरी करते, चार दिवसांची रजा मिळाली आहे तीच नशीब. मागच्या यात्रेला घरात आठ बायका होत्या म्हणे. आता मी, जाऊबाई, आणि अर्ध्या आमच्या आत्याबाई (सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते). अर्ध्या अशासाठी, की गेल्या पावसाळ्यात त्यांचं उजवं मनगट मोडलं. नारळ खवायला बसल्या की पाच मिनिटांत हात धरून बसतात, पण उठत नाहीत.

मी यादी केली: डब्यातलं नारळाचं दूध, आलं-लसूण पेस्टची किलोची पाकिटं, टोमॅटो प्युरी, आदल्या गोडाच्या दिवसासाठी आंब्याच्या रसाचे मोठे डबे, आणि मटण न खाणाऱ्या तीसेक पाहुण्यांच्या उसळीसाठी काबुली चण्याचे डबे. आत्याबाईंनी यादी ऐकली आणि म्हणाल्या, "डब्यातलंच वाढायचं तर यात्रा कशाला? पाहुण्यांना हॉटेलात नेऊन सोडा की."

मला राग आला नाही असं नाही. दिवाळीला मी विकतची पेस्ट घातली होती, तर त्यांनी सोप्यातूनच विचारलं, "आज लसूण कुणाच्यात मागितला?" म्हणून पुढच्या वेळी घरी वाटून बरणीत ठेवली, तर ती तिसऱ्या दिवशी हिरवी पडली आणि त्यांनी सगळी बरणी परड्यात ओतली. म्हणजे विकतची नको आणि घरची टिकत नाही.

तर सरळ विचारते. यातलं काय घेतलं तर खाणाऱ्याला कळणार नाही, आणि काय घेतलं तर मान खाली घालायला लागेल? ज्यांनी मोठं जेवण केलंय त्यांनीच सांगा. "प्रेमाने केलं की चव येते" असलं काही लिहू नका, प्रेम भरपूर आहे, हात कमी आहेत.

निपाणीची_मावशी

अगं, तुझ्या आत्याबाईंना एक विचार. चटणीचा डबा उघडताना कुणी काही म्हणतं काय?

आमच्या निपाणीकडं उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी करतात. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला. कांदा उभा चिरून वाळवायचा आणि तळायचा, खोबरं भाजायचं, धणे, तीळ, खडा मसाला वेगवेगळा भाजायचा, लसूण सोलता सोलता नखं दुखायला लागतात. मग डंकावर नेऊन कुटून आणायची. दोन दिवस शिंका, डोळ्यांतून पाणी, घरातली पोरं पळून जातात. त्यानंतर वर्षभर काय? दोन चमचे आमटीत टाकले की आमटी झाली! हा आपला डबाच झाला की. आमसुलं, सांडगे, कुरडया, कैरीचं लोणचं, सगळं तेच. फक्त तो डबा आपण भरलेला असतो, म्हणून आत्याबाईंचा त्याच्यावर विश्वास.

तेव्हा त्यांना डबा नको आहे असं मला वाटत नाही. परक्याने भरलेला नको आहे. एक काम कर, यात्रेच्या आठ दिवस आधी कांदा-खोबरं भाजून कोरडं वाटण त्यांच्या देखत करून ठेव. त्यांना खुर्ची दे, हातात उलथणं दे डाव्या. निम्मं भांडण तिथंच मिटेल. उरलेल्याचं दुसरे सांगतील, मला डब्यांतलं काही कळत नाही.

लंगरवाला_निवृत्त

ताई, जय महाराष्ट्र, जय कर्नाटक, भांडण नको. मी मराठा रेजिमेंटमध्ये स्वयंपाकी होतो, २४ वर्षं. आता वडगावात खानावळ चालवतो, दोन वेळा मिळून शंभर-सव्वाशे ताटं. डबा मी दोन्हीकडून बघितलाय, म्हणून जरा लांब लिहितो.

वर, खूप उंचावर, डबा हीच भाजी असते. तिथं पाणी उकळतं पण तापत नाही. अठरा हजार फुटांवर ते ८२ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. उघड्या भांड्यात डाळ घातली तर दुपारपर्यंत नुसती नाचते, शिजत नाही. कुकर नसेल तर हरलात. अशा ठिकाणी डब्यातलं आधीच शिजलेलं असतं, नुसतं गरम करायचं, रॉकेल वाचतं. म्हैसूरला १९६१ पासून संरक्षण खात्याची खास अन्न-प्रयोगशाळा आहे, आमच्यासाठी पाकिटातलं तयार जेवण तिथं शोधून काढलं गेलं. आज दुकानात जी 'नुसतं गरम करा' पाकिटं मिळतात ती त्याच जातीची. म्हणून डब्याला नावं ठेवणारा माणूस मला आवडत नाही. पण तुमचं गाव अठरा हजार फुटांवर नाही. बेळगाव साडेसातशे मीटरवर, इथं पाणी ९७-९८ अंशांना उकळतं, आणि बाजारात वैशाखात सगळं मिळतं. तेव्हा जिथं हात वाचतात तिथंच डबा घ्या, फॅशन म्हणून नको.

आता तुमच्या यादीवर.

नारळाचं दूध. ह्याचे दोन भाग करा. शिजवायच्या पदार्थात, म्हणजे रश्श्यात, पाकिटातलं दूध बेलाशक चालतं. उलट एक फायदा आहे. ताजं दूध मोठ्या आचेवर खळखळ उकळलं की फुटतं, पाकिटातल्यात ते फुटू नये म्हणून घट्ट धरणारे पदार्थ घातलेले असतात. मिरची, कांदा, गरम मसाला यांच्या मागे त्याचा उकडल्यासारखा वास दडतो. तसं आपल्या रश्श्याला दुधापेक्षा खोबऱ्याचं वाटप लागतं, २५ किलोला मी तरी बारा-पंधरा नारळ धरीन, आणि ते वाटप पाकिटात मिळत नाही. पण सोलकढीला? अजिबात नको. सोलकढी शिजत नाही. तिच्यात नारळ, आमसूल, लसूण, मिरची उघडी उभी असतात, लपायला जागा नाही. पाकिटातलं दूध एकदा कडक तापवून भरलेलं असतं, तो शिजल्याचा वास पहिल्या घोटाला कळतो. तुमच्याकडं चंदगड-खानापूरकडचे पाहुणे असतील तर ते ग्लास ठेवून देतील आणि काही बोलणार नाहीत. ते जास्त वाईट.

दीडशे ग्लासांना अंदाजे वीस नारळ. खवायचं मोटरवरचं यंत्र भाड्यानं आणा, मंडपवाल्याला विचारा. कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवा, फडक्यातून पिळा, मग दुसरं पाणी घालून परत एकदा. पिळायला पुरुष लावा, हे काम बायकांचं आहे असं कुठं लिहिलेलं नाही. आणि एक महत्त्वाचं. रात्री काढून ठेवू नका. वैशाखात ताजं दूध पाच-सहा तासांत आंबतं. सकाळी काढा आणि बर्फाच्या टबात पातेलं ठेवा.

आलं-लसूण. विकतची पेस्ट वाईट नसते, निराळी असते. लसणाचा वास लसणाच्या आत तयार नसतो, तो ठेचल्यावर तयार होतो आणि ठेचल्यापासूनच उडायला लागतो. पाकीट भरून महिने झालेले असतात, शिवाय आत मीठ आणि आंबट घातलेलं असतं. तुमच्या आत्याबाईंना सोप्यातून कळलं यात नवल नाही, त्यांचं नाक चांगलं आहे. मधला रस्ता असा: सोललेला लसूण आणा. गणपत गल्लीत विचारा, किलोवर मिळतो. सोलायचं काम वाचलं म्हणजे नव्वद टक्के काम वाचलं, वाटायला मिक्सरला किती वेळ?

काबुली चणे. ताई, इथं मी हसलो, माफ करा. ४०० ग्रॅमच्या डब्यात पाणी काढल्यावर चणे उरतात २४० ग्रॅमच्या आसपास. तेवढे चणे व्हायला कोरडे १०० ग्रॅम पुरतात. तीस माणसांना तीन किलो कोरडे धरले तर तुम्ही तीस डबे फोडणार. रात्री झोपताना पाण्यात घाला, सकाळी कुकर. ह्यात हात कुठं लागतात? घरात दोन माणसं असतील आणि संध्याकाळी सातला छोले आठवले, तर घ्या डबा, चांगला धुऊन घ्या म्हणजे मीठ बरंच जातं. यात्रेला नको.

टोमॅटो. आपल्या मटणात टोमॅटो घालायचं कारण काय? हे हॉटेलवाल्यांनी लावलेलं वेड आहे. माझ्या खानावळीत पनीरला मी प्युरी वापरतो, २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या पार गेले तेव्हा तर देवासारखी वाटली. पण ती आटवलेली असते. एक वाटी टोमॅटोच्या जागी एक वाटी प्युरी घातलीत तर रस्सा आंबट-गुळचट होणार.

आमरस. घ्या. इथं मी डब्याच्या बाजूनं आहे. मोठा डबा ३.१ किलोचा असतो, लहान ८५०चा. दीडशे माणसांना आंबे पिळायचे, साली काढायच्या, वर एखादा आंबट निघाला की सगळा टब बिघडला. लेबल वाचा, साखर आधीच घातलेली असेल तर परत घालू नका. थोडे ताजे आंबे पिळून वर मिसळा, वास त्यांचा येऊ दे.

एक आठवण सांगतो आणि थांबतो. एका ठाण्यावर आम्ही बेळगावचे चौघे होतो. दिवाळीला कुंद्याची आठवण निघाली. आमच्याकडं होते गोड आटवलेल्या दुधाचे डबे, दूध पावडर आणि लिंबूफूल. पावडरीचं दूध केलं, लिंबूफुलाचा कण टाकून जरा नासवलं म्हणजे दाणा येईल, त्यात डबे ओतले आणि स्टोव्हवर दीड तास हलवत बसलो. हातमोजे घालून. कडेनं तांबूस व्हायला लागलं, ते खरवडून मध्ये, परत कडेनं तांबूस, परत खरवडून मध्ये. रंग अगदी कुंद्याचा आला. शहापूरच्या पोरानं चमचाभर खाल्ला, बाहेर उणे तापमान, आणि हा म्हणतो काय? "दाणा बारीक पडलाय ओ."

असली माणसं आपली. तुमच्या आत्याबाईंशी जपून.

साधं_खा

सगळं वाचलं. डब्यातलं म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह, प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे विष. आमच्या आजीनं कधी डबा बघितला नाही, नव्वद वर्षं जगली. एवढंच सांगतो.

धारवाडची_विद्यार्थिनी

अन्नतंत्रज्ञान शिकते, म्हणून @साधं_खा काकांना आदरानं उत्तर. चणे, मका, रसगुल्ले अशा बंद डब्यात बहुतेकदा प्रिझर्व्हेटिव्ह लागतच नाही. डबा बंद करून मग तापवतात, आतले जंतू मरतात आणि बाहेरचे शिरत नाहीत, टिकण्याचं गुपित तेवढंच. १८१० साली निकोला अपेअर नावाच्या फ्रेंच मिठाईवाल्यानं (हो, मिठाईवाल्यानं!) ही युक्ती लिहून छापली. त्याच्या बाटल्या काचेच्या होत्या, पत्र्याचा डबा त्याच वर्षी इंग्लंडात आला. गंमत म्हणजे डबा उघडायचं धड हत्यार यायला पुढं चाळीसेक वर्षं गेली, तोपर्यंत छिन्नी-हातोडा. प्रिझर्व्हेटिव्ह बघायचेच असतील तर सरबतं, सॉस आणि पेस्टच्या लेबलवर बघा. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, नारळाच्या दुधावर पहिलं नाव पाण्याचं असेल तर समजून घ्या काय विकत घेतलंय.

ताई, तुमची हिरवी पडलेली पेस्ट खराब नव्हती हो. लसणातले गंधकाचे पदार्थ आंबटाशी वगैरे मिळाले की तसा हिरवा-निळा रंग येतो, खाल्लं तर काही होत नाही. मात्र दुसरी एक गोष्ट खरंच धोक्याची आहे. लसूण वाटून तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, आणि बोट्युलिझमच्या जंतूला तेच हवं असतं. त्याचं विष असलेल्या पदार्थाला वास येईलच असं नाही. हा जंतू आंबटात वाढत नाही, पीएच ४.६ च्या वर वाढतो, म्हणून लोणचं टिकतं आणि लसणाचं तेल नाही. घरची पेस्ट फ्रिजमध्ये चार दिवस, जास्त हवी तर फ्रीझरमध्ये बर्फाच्या साच्यात.

आणि डबे घेताना: फुगलेला, शिवणीवर चेपलेला, गंजून ओघळलेला डबा स्वस्तात दिला तरी घेऊ नका, उघडून चाखू तर मुळीच नका. उघडलेला रस त्याच डब्यात ठेवू नये, स्टीलच्या भांड्यात काढावा.

अनगोळची_सून

यात्रा झाली. पाय अजून सुजलेत, पण तुम्ही एवढं लिहिलंत म्हणून कळवते.

निपाणीच्या मावशींचं ऐकून आठ दिवस आधी कोरडं वाटण केलं. आत्याबाईंनी डाव्या हातानं उलथणं धरलं आणि खोबरं मी भाजते त्यापेक्षा दोन छटा जास्त भाजून घेतलं, माझ्याकडं न बघता. सोललेला लसूण आणला, पाच किलो. त्याला त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मूठभर हातात घेऊन वास घेतला आणि परत ठेवला. चणे रात्री भिजवले, लंगरवाले दादा, हसा आता. टोमॅटो प्युरी मी गुपचूप एक पाकीट आणलं होतं, ते तसंच कपाटात आहे.

सोलकढीचं मात्र फसलं. खवायचं यंत्र आणलं, भाचे पिळायला बसले, वीस नारळांचं दूध सकाळी निघालं, बर्फात ठेवलं, सगळं तुम्ही सांगितलं तसं. पण दीडशेच्या जागी दोनशे दहा पानं उठली. तीन वाजता पातेलं रिकामं. जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी पिशवीतून पाकिटं काढली (हो, आणून ठेवली होती, नको म्हटलं तरी). आमसुलाचं पाणी जरा जास्त घातलं, कोथिंबीर बचकभर, लसूण ठेचून. माझ्या जिभेला तरी ठीक लागली. शेवटच्या पंगतीला चंदगडचे मामा होते. त्यांनी एक घोट घेतला, ग्लास ताटाच्या डाव्या अंगाला सरकवला, आणि पाणी मागितलं. दादा, तुम्ही लिहिलं होतं तेच, अक्षरशः तेच. आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ग्लासाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि आत गेल्या. रात्री म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तीस नारळ धर."

गोडाच्या दिवशीच्या आमरसाची वेगळीच कथा. सहा मोठे डबे आणले, साखर घातलेले निघाले, म्हणून वर साखर घातली नाही. दोन डझन आंबे पिळून मिसळले. पण डबा उघडायचं हत्यार कुणाच्याच घरात नव्हतं! सगळ्या गल्लीत विचारून झालं. शेवटी शेजारच्या सुतारानं छिन्नी-हातोडा आणून उघडले, धारवाडच्या ताई, तुमचं ते १८१० सालचं आमच्या अंगणात घडलं. एका डब्याची कड वाकडी फाटून जाऊबाईंचं बोट कापलं, हळद लावून पट्टी बांधली. रस संपला, शेवटी तर पोरं पातेल्याला हात घालून चाटत होती. डब्यातला म्हणून कुणी विचारलं नाही. आत्याबाईंनी स्वतः दोन वाट्या खाल्ल्या.

ते सहा रिकामे डबे टाकून देऊ म्हटलं, तर त्यांनी टाकू दिले नाहीत. सुताराकडून कडा ठोकून घेतल्या. तीनांत परड्यात गवती चहा आणि कोथिंबीर लावली आहे, दोन कोंबड्यांच्या दाण्याला, आणि एक काल मला बेळगावला येताना पिशवीत घालून दिला. वरपर्यंत चटणी भरून, वर फडकं बांधून.